गोदामापासून शिधापत्रिकेपर्यंत : धान्याचा प्रवास आणि संगणकाची नोंद

पुरवठा साखळी हा शब्दप्रयोग कारखानदारीच्या आणि व्यापाराच्या परिभाषेतून आलेला असला, तरी महाराष्ट्रातील सर्वाधिक कुटुंबांचा ज्या साखळीशी दरमहा संबंध येतो ती कोणा कारखान्याची नसून शिधावाटपाची आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाखाली राज्यातील सुमारे ७ कोटी व्यक्तींना धान्य मिळते आणि ते पन्नास हजारांहून अधिक रास्त भाव दुकानांतून वाटले जाते. दरडोई ५ किलो एवढाच हिशेब धरला, तरी हे धान्य महिन्याला साडेतीन लाख मेट्रिक टनांच्या घरात जाते. दहा टन वाहून नेणाऱ्या मालमोटारींच्या भाषेत सांगायचे, तर पस्तीस हजार खेपा, आणि त्याही दर महिन्याला. एवढ्या मोठ्या उलाढालीत धान्य नेमके कोठे आहे, किती आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे याची बिनचूक माहिती ठेवणे हे काम कागदी नोंदवह्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. गेल्या दीड-दोन दशकांत या कामी संगणक, दूरसंचार आणि अंकीय ओळख यांचा उपयोग होऊ लागला आहे. त्याने काय साधले, काय अद्याप साधलेले नाही आणि यंत्राने जे आपणहून साधणे शक्यच नाही ते कोणी करावयाचे, याचा विचार पुरवठा यंत्रणेतील कर्मचाऱ्यांप्रमाणेच गावपातळीवरील पदाधिकाऱ्यांनीही करणे अगत्याचे आहे.

साखळी आणि तिचे दुवे

मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले ते १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात. पुढे १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि धान्याची खरेदी, साठवण व आंतरराज्य वाहतूक यांना आजचे स्वरूप येऊ लागले. महाराष्ट्राला लागणारा गहू मुख्यत्वे उत्तरेकडील व मध्य भारतातील गहू पिकविणाऱ्या राज्यांतून रेल्वेने येतो. मनमाड येथील महामंडळाची विस्तीर्ण गोदामे हे अशा धान्याच्या साठवणुकीचे एक प्रमुख ठिकाण आहे. तांदळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हमी भावाने धान खरेदी केले जाते, त्याची भरडाई होते आणि तो तांदूळही याच व्यवस्थेत येऊन मिळतो.

महामंडळाच्या गोदामातून राज्य शासनाच्या तालुका गोदामात आणि तेथून रास्त भाव दुकानात, असा पुढचा प्रवास असतो. दर महिन्याचे नियतन ठरते, त्यानुसार उचल होते, वाहतूक ठेकेदार धान्य नेतो, गोदामपाल ते मोजून घेतो, पुन्हा मोजून देतो आणि अखेरीस दुकानदार ते शिधापत्रिकाधारकाच्या पिशवीत घालतो. यातील प्रत्येक दुव्यावर धान्याचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. धान्य कमी होते ते बहुधा अशाच ठिकाणी.

जुन्या पद्धतीत या प्रत्येक हाताची स्वतंत्र नोंदवही होती. गोदामपालाची वेगळी, ठेकेदाराची चलने वेगळी, दुकानदाराची विक्री नोंदवही त्याहून वेगळी. या सर्व नोंदींचा ताळमेळ घातला जाई तो काही आठवड्यांनी वा महिन्यांनी. तोपर्यंत धान्य संपलेले असे आणि एखादी मालमोटार दुकानाऐवजी अन्यत्र रिकामी झाली असली, तरी ते सिद्ध करणे दुरापास्त होई. नोंदी नव्हत्या असे मुळीच नाही. नोंदी भरपूर होत्या. मात्र त्या एकमेकींना भेटत नव्हत्या.

या त्रुटीची किंमत केवढी होती, याचा एक अंदाज अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ व रितिका खेरा यांनी मांडला आहे. शासकीय गोदामांतून उचललेले धान्य आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांनी आपल्याला मिळाल्याचे सांगितलेले धान्य यांची त्यांनी तुलना केली. २००४–०५ मध्ये देशभरात या दोहोंतील तफावत सुमारे ५४ टक्के होती, २०११–१२ मध्ये ती सुमारे ४२ टक्क्यांपर्यंत उतरली. म्हणजे प्रारंभी अर्ध्याहून अधिक धान्य ज्यांच्यासाठी निघाले होते त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती वाधवा समितीनेही वितरणाच्या संपूर्ण संगणकीकरणाची शिफारस केली. २०१३ च्या अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम १२ मध्ये दुकानापर्यंत धान्य पोहोचविणे, संगणकीकरण आणि नोंदी जनतेस खुल्या करणे या सुधारणांचा स्पष्ट उल्लेख आला, तो या पार्श्वभूमीवर.

छत्तीसगडने काय केले

या संदर्भात शेजारच्या छत्तीसगड राज्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कारण तेथे संगणक आला तो एकटा आला नाही. त्या राज्याने २००४ मध्ये खाजगी दुकानदारांकडून रास्त भाव दुकाने काढून ती ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्याकडे सोपविली. त्यानंतर धान खरेदीपासून दुकानापर्यंतच्या व्यवहारांचे संगणकीकरण हाती घेण्यात आले. धान्य वाहून नेणाऱ्या मालमोटारींना पिवळा रंग देण्यात आला, जेणेकरून अशी गाडी भलत्या ठिकाणी उभी दिसली तर कोणाच्याही नजरेस यावी. गाडी गोदामातून निघाली की नोंदणी केलेल्या नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर तसा संदेश जाऊ लागला. पिवळा रंग हे काही अंकीय तंत्रज्ञान नव्हे. पण रंगाचे आणि संदेशाचे काम एकच होते : बंद दाराआडची माहिती रस्त्यावर आणणे.

याच सुमारास तेथे धान्याचा दर उतरविण्यात आला आणि लाभार्थ्यांची व्याप्ती वाढविण्यात आली. परिणामी गावातील बहुतेक घरांचा दुकानाशी संबंध आला आणि गाडी आली की नाही, याची चौकशी करणारे लोक वाढले. पूर्वोक्त पद्धतीने मोजलेली तेथील तफावत २००४–०५ मध्ये सुमारे ५२ टक्के होती, ती २००९–१० मध्ये सुमारे १० टक्क्यांवर आली. हे घडले तेव्हा दुकानात बोटाचा ठसा घेणारे यंत्र नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. संगणकीकरण म्हणजे अंगठ्याचे यंत्र, अशी एक समजूत अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. ती अपुरी आहे.

दुकानातील यंत्र

महाराष्ट्रात अधिनियमाची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. शिधापत्रिकांची माहिती संगणकात भरली गेली, प्रत्येक पत्रिकेला बारा अंकी क्रमांक मिळाला, कुटुंबातील व्यक्तींचे आधार क्रमांक तिला जोडण्यात आले आणि पुढील काही वर्षांत रास्त भाव दुकानांत ई-पॉस यंत्रे बसविण्यात आली. या यंत्राचे कार्य समजून घेणे कठीण नाही. दुकानदार शिधापत्रिकेचा क्रमांक टाकतो. पडद्यावर त्या कुटुंबातील व्यक्तींची नावे आणि त्या महिन्याचे देय धान्य दिसते. आलेली व्यक्ती यंत्रावर बोट ठेवते. त्या ठशाची माहिती दूरसंचार जाळ्यातून आधार प्राधिकरणाच्या केंद्राकडे जाते आणि तेथून केवळ ‘जुळते’ वा ‘जुळत नाही’ असे उत्तर येते. जुळल्यास व्यवहार पुरा होतो, पावती निघते आणि त्या दुकानाच्या शिल्लक साठ्यातून तेवढे धान्य आपोआप वजा होते.

या व्यवहारांची माहिती राज्याच्या महाईपॉस संकेतस्थळावर उपलब्ध होते. जिल्हा, तालुका व दुकान अशा क्रमाने जाऊन कोणत्या दुकानात किती धान्य आले आणि किती वाटले गेले, हे कोणालाही पाहता येते. ज्या माहितीसाठी पूर्वी पुरवठा शाखेत अर्ज करून वाट पाहावी लागे, ती आता ग्रामपंचायतीच्या संगणकावर काही क्षणांत दिसू शकते. एकाच व्यक्तीची दोन पत्रिकांवरील नावे किंवा मृत व्यक्तींच्या नावे चालू राहिलेली उचल यांसारखे प्रकार हुडकणेही यामुळे सोपे झाले.

तथापि यंत्राच्या एका मर्यादेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. यंत्राला माणसाचे बोट कळते, तराजूचे पारडे कळत नाही. पावतीवर २० किलो छापले गेले आणि पिशवीत १८ किलोच पडले, तर यंत्राच्या लेखी सर्व काही सुरळीत आहे. त्या पावतीने उलट कमी मापाला अधिकृत शिक्काच मिळतो. कारण लाभार्थ्याने स्वतः बोट ठेवून २० किलो मिळाल्याचे मान्य केलेले असते. पूर्वीच्या खोट्या नोंदीवर निदान सहीची शंका घेता येत असे! या उणिवेवर उपाय म्हणून ई-पॉस यंत्र इलेक्ट्रॉनिक तराजूला जोडण्याच्या पद्धतीस केंद्र शासनाने २०२१ मधील नियम दुरुस्तीद्वारे प्रोत्साहन दिले आहे. तराजूवरील वजन थेट यंत्रात उतरले, तर छापील आकडा आणि पिशवीतील धान्य यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. असे जोड-तराजू जेथे नाहीत तेथे पावती मागून घेणे आणि धान्य दुकानातच वजन करून पाहणे हाच उपाय उरतो. १ जानेवारी २०२३ पासून अधिनियमाखालील धान्य मोफत झाल्यामुळे ‘फुकटच्या धान्याची पावती कशाला’, असे म्हणणारेही भेटतात. किंमत शून्य असली तरी वजन शून्य नाही, हे अशांना समजावून सांगावे लागेल.

यंत्रातील शिल्लक आणि पोत्यातील शिल्लक

पुरवठा साखळीच्या दृष्टीने ई-पॉस यंत्राचा सर्वांत दूरगामी उपयोग लाभार्थ्याच्या ओळखीचा नसून साठ्याच्या हिशेबाचा आहे. दुकानात महिनाअखेर किती धान्य शिल्लक असावयास हवे, हे यंत्राच्या नोंदीवरून कळते. मग पुढील महिन्याच्या नियतनातून ती शिल्लक वजा करून उरलेलेच धान्य पाठविता येते. कागदावर ही कल्पना निर्दोष आहे. व्यवहारात तिचे काय होते, याचा अनुभव झारखंड राज्याने घेतला आणि तो सर्व संबंधितांनी अभ्यासावा इतका महत्त्वाचा आहे.

झारखंडमध्ये दुकानांत ठसे घेणारी यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा त्यांच्या परिणामांचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी केला. नुसत्या ठशामुळे शासनाचा खर्च घटल्याचे त्यांना आढळले नाही. उलट ज्या कुटुंबांच्या पत्रिकेला आधार क्रमांक जोडलेला नव्हता त्यांना मिळणारे धान्य सरासरीने सुमारे १० टक्क्यांनी घटले. पुढे जुलै २०१७ मध्ये तेथील शासनाने यंत्रातील नोंदीप्रमाणे शिल्लक असावयास हवे तेवढे धान्य नव्या नियतनातून वजा करण्यास सुरुवात केली. आता मात्र गळती खरोखरच घटली. परंतु त्याच वेळी लाभार्थ्यांच्या पदरात पडणारे धान्यही घटले. कारण उघड होते. यंत्राप्रमाणे जी शिल्लक दुकानात असावयास हवी होती ती अनेक ठिकाणी प्रत्यक्षात नव्हतीच; ती मागील काही महिन्यांत कोठेतरी गेलेली होती. वरून धान्य कमी आले, तेव्हा ती तूट दुकानदाराने आपल्या खिशातून भरून काढली नाही, ती लाभार्थ्यांवर ढकलली. गैरव्यवहाराचा दंड ज्यांचे धान्य आधीच गेले होते त्यांनीच पुन्हा भरावा, असा हा प्रकार झाला. अखेर काही महिन्यांतच ही वजावट आवरती घेण्याची वेळ तेथील शासनावर आली.

येथे दोष गणिताचा नव्हता. नोंदीतील साठा व प्रत्यक्ष साठा एकच आहे, असे गृहीत धरून चालल्याचा तो परिणाम होता. कोणत्याही साठ्याचा संगणकीय हिशेब सुरू करावयाचा तर पहिल्या दिवशी पोती मोजून घ्यावी लागतात आणि त्यानंतरही वेळोवेळी ती मोजत राहावे लागते. व्यापारी पेढीत दिवाळीला मालाची मोजदाद होते ती याचसाठी. आपल्याकडेही तालुका गोदामातून येणाऱ्या कट्ट्यात धान्य कमी भरते, अशी दुकानदारांची तक्रार असते. रिकाम्या बारदानाचे वजन धान्यात धरले गेले किंवा वाटेत पोते फाटले, तर ती तूट दुकानात येऊन पडते आणि दुकानातून ती पिशवीत उतरते. म्हणून दुकानाच्या दारात पोते उतरताना त्याचे वजन होणे, हे यंत्रावर बोट उमटण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दुर्दैवाने जेवढे लक्ष बोटाकडे दिले गेले तेवढे या वजनाकडे दिले गेले नाही.

साखळीच्या वरच्या भागात संगणकाची कामगिरी अधिक निर्वेध आहे, कारण तेथे माणसाच्या हक्काचा प्रश्न आडवा येत नाही. अन्न महामंडळाच्या गोदामांचे व्यवहार २०१६ पासून डेपो ऑनलाइन प्रणालीत आणले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘अन्न चक्र’ ही प्रणाली सुरू केली. जागतिक अन्न कार्यक्रम व दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या साहाय्याने ती तयार झाली आहे. कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानाला धान्य दिले असता एकूण वाहतूक सर्वांत कमी होईल, याचे गणित ती मांडते. अनेक वर्षांच्या प्रघाताने एका गोदामाचे धान्य दुसऱ्या गोदामाच्या दारावरून तिसरीकडे जात असते; नकाशा आणि आकडे समोर ठेवले की हा द्राविडी प्राणायाम चटकन दिसतो. यात बचत होते ती इंधनाची व भाड्याची, कोणाच्या ताटातील घासाची नव्हे.

शिधापत्रिकेबरोबर चालणारे धान्य

कागदी व्यवस्थेत जी गोष्ट अशक्यप्राय होती आणि संगणकाने जी सहजसाध्य केली, ती म्हणजे कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मुभा. पूर्वी शिधापत्रिका एका दुकानाला बांधलेली असे. कुटुंब कामासाठी परगावी गेले की त्याचे धान्य गावात आणि माणसे परगावात. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र व गुजरात ही एक जोडी आणि आंध्र प्रदेश व तेलंगणा ही दुसरी, अशा चार राज्यांत आंतरराज्य सुविधेचा प्रयोग सुरू झाला. जून २०२२ मध्ये आसामचा समावेश होऊन ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना सर्व राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या सुविधेचे मोल मोठे आहे. खानदेशातून सुरतेत कामासाठी जाऊन राहिलेली कुटुंबे तेथील दुकानातून आपले धान्य घेऊ शकतात. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या मजुरांचे उदाहरण तर बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास घर सोडलेले जोडपे चार-पाच महिने कारखान्याच्या परिसरातील खोपीत राहते आणि वृद्ध आईवडील व शाळेत जाणारी मुले गावी राहतात. या योजनेत एकाच पत्रिकेवरील धान्याचा काही हिस्सा गावी आणि उरलेला कामाच्या ठिकाणी घेता येतो. ज्यांनी ही तरतूद केली त्यांना अशा दुभंगलेल्या संसाराची कल्पना असली पाहिजे. मात्र राज्य शासन स्वतःच्या योजनेतून जे जिन्नस अधिकचे देते ते परराज्यात मिळत नाहीत, हेही मजुरांना आधीच सांगून ठेवणे बरे.

येथेही साखळीचा प्रश्न आहेच. कारखान्याजवळच्या दुकानाचे नियतन तेथील कायम रहिवाशांच्या संख्येवर बेतलेले असते. हंगामात शेकडो नवी कुटुंबे आली, तर त्यांना देण्यासाठी धान्य दुकानात असावयास हवे. नाहीतर यंत्र ‘हो’ म्हणते आणि दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो. मागील वर्षी त्याच महिन्यात त्या दुकानातून बाहेरच्या किती पत्रिकांवर उचल झाली, हे आकडे संगणकात उपलब्ध असतात. ऊसतोडणीचा हंगाम काही अचानक येत नाही. तेव्हा अशा दुकानांचे वाढीव नियतन हंगामाआधीच मागणे पुरवठा शाखांना अवघड जाऊ नये.

बोट उमटले नाही तर

आयुष्यभर खुरपे, विळा वा घमेले हाताळलेल्या माणसाच्या बोटावरील रेषा झिजतात. वार्धक्याने त्या पुसट होतात. कुष्ठरोगाने ग्रासलेल्यांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. सातपुड्यातील अक्कलकुवा-धडगाव, मेळघाट किंवा गडचिरोलीचा दुर्गम भाग येथे बोट चांगले असले तरी दूरसंचाराचे जाळे साथ देईलच असे नाही. म्हणजे ज्यांना धान्याची निकड सर्वाधिक त्यांचीच ओळख पटविण्यात यंत्र सर्वाधिक अडखळते.

याबाबत नियम निःसंदिग्ध आहेत. केंद्रीय अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळविले की, आधार क्रमांक नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून कोणाचेही धान्य नाकारू नये, पर्यायी ओळखपत्र पाहून ते द्यावे आणि अशा प्रकरणांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारविषयक निर्णय देताना, ठसा न जुळल्यामुळे पात्र व्यक्तीस लाभ नाकारला जाणार नाही, अशी शासनाच्या वतीने देण्यात आलेली हमी नमूद करून घेतली. महामारीच्या काळात २०२० व २०२१ मध्ये महाराष्ट्रात संसर्ग टाळण्यासाठी लाभार्थ्यांऐवजी दुकानदाराच्या ठशावर वाटप करण्याची परवानगी काही काळ देण्यात आली होती. त्या कठीण महिन्यांत वितरण थांबले नाही. लाभार्थ्याच्या ठशाशिवाय धान्य देताच येत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

व्यवहारात कर्मचारी व दुकानदार यांना सुचविता येण्याजोगा क्रम असा : प्रथम दुसरे बोट, मग घरातील दुसरी व्यक्ती, मग जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक, जेथे यंत्रात सोय आहे तेथे डोळ्याच्या बुबुळाची ओळख आणि हे सर्व निष्फळ ठरल्यास ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद. शेवटची पायरी लिहावयाची विसरली जाते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. ज्या दुकानात पाचशे पत्रिका आहेत आणि अपवादांची नोंदवही वर्षभर कोरी आहे, तेथे सर्वांची बोटे उत्तम आहेत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तहसील कार्यालयाने दोन-चार वृद्धांच्या घरी जाऊन यावे.

शिधापत्रिकेवरील प्रत्येक व्यक्तीची ई-केवायसी करून घेण्याच्या मोहिमेत शाळांचा संबंध येतो तो मुलांमुळे. पाच वर्षांखालील बालकाची आधार नोंदणी होते तेव्हा त्याचे ठसे घेतलेच जात नाहीत. ते पाच वर्षांचे झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करावे लागतात. हे राहून गेले तर मूल मोठे होते, शाळेत जाते आणि यंत्र मात्र त्याला ओळखत नाही. पहिलीत व नववी-दहावीत असलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांना शिक्षकांनी याची आठवण करून दिल्यास दरमहा ५ किलोचा एक हिस्सा त्या घरातून गळणार नाही.

दक्षता समितीपुढील चार आकडे

अधिनियमाच्या कलम २९ अन्वये राज्य, जिल्हा, तालुका आणि रास्त भाव दुकान अशा चारही पातळ्यांवर दक्षता समित्या असणे बंधनकारक आहे. कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. गावाच्या समितीचे अध्यक्षपद सरपंचाकडे असते. या समितीच्या बैठका अनेकदा इतिवृत्तापुरत्या होतात, याचे एक कारण पूर्वी असे होते की सभासदांपुढे पाहण्यासारखे काहीच नसे. आता तसे म्हणता येणार नाही.

समजा, एका दुकानाशी प्राधान्य कुटुंबांतील ४०० व्यक्ती जोडलेल्या आहेत. त्यांचे महिन्याचे देय धान्य २० क्विंटल होते. संकेतस्थळावर दिसते की मागील शिल्लक २ क्विंटल, नवी आवक १८ क्विंटल, वाटप १९ क्विंटल आणि अखेरची शिल्लक १ क्विंटल. एवढे आकडे एका कागदावर उतरवून समितीने महिनाअखेर दुकानात जावे. १ क्विंटल म्हणजे ५० किलोचे दोन कट्टे. ते दोन कट्टे तेथे आहेत की नाहीत, हे पाहण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही. तसेच ज्यांनी धान्य नेले नाही असे यंत्र सांगते त्या २० जणांची नावे घेऊन त्यांच्यापैकी काहींना विचारावे : कामासाठी परगावी होते, यंत्राने नाकारले, की धान्य नेले पण नोंदच नाही? या तीन उत्तरांवर करावयाच्या कार्यवाह्या तीन वेगळ्या आहेत. पहिल्याला परगावच्या दुकानाची माहिती द्यावी, दुसऱ्यासाठी पर्यायी नोंदवही उघडावी आणि तिसऱ्याबद्दल तहसीलदारांना लेखी कळवावे.

शिधापत्रिकाधारकाला स्वतः तक्रार करावयाची असल्यास १९६७ हा मदत क्रमांक आहे. तेथे दाद न लागल्यास प्रत्येक जिल्ह्यासाठी नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. देय धान्य मिळाले नाही असे सिद्ध झाल्यास कलम ८ प्रमाणे संबंधित व्यक्तीस अन्न सुरक्षा भत्ता रोख मिळण्याचा हक्क आहे. तक्रारीसोबत त्या महिन्याची पावती, ती मिळाली नसल्यास शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक आणि दुकानात गेल्याची तारीख द्यावी; त्या दिवशी यंत्रावर झालेल्या व्यवहारांची नोंद त्यावरून काढता येते.